तंबू घरचा होता, विद्याही घरातच राहिली

जबलपूर

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



गोराईचे एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरून लिहिले. १९८९ मध्ये सुरू झालेली ती बाग एका मोठ्या उद्योगसमूहाची होती. तिची जाहिरात तोंडपाठ असलेली पिढी आज चाळिशीत आहे, त्यामुळे हळहळायला माणसे भरपूर होती. दिल्लीचे अप्पू घर २००८ मध्ये गेले तेव्हाही असेच झाले. मी लिहितो आहे ते याहून लहान, घरच्या माणसांनी चालवलेल्या करमणुकीबद्दल. ती बंद पडली तेव्हा बातमी झाली नाही, आणि आता तर ती कुणी चालवली होती हेही विसरले जात आहे. छत्रे, देवल, कारलेकर, शेलार या घरांच्या सर्कशी मला म्हणायच्या आहेत.

मी जबलपूरचा. महाराष्ट्राच्या मंत्र्यांना मध्य प्रदेशातून पत्र का, असे आपल्याला वाटेल. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, आणि आमच्याकडच्या मराठी घरांचे मन अजूनही ती सीमा फारशी मानत नाही. शिवाय या विषयाचा धागा आमच्याच बाजूने सुरू होतो.

विष्णुपंत छत्रे मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. गाण्याच्या ओढीने ते ग्वाल्हेरला गेले आणि हद्दू खाँसाहेबांकडे शिकले. घोडा फिरवायची विद्याही त्यांनी तिथेच मिळवली. गवई व्हायला गेलेला माणूस परतला तो अश्वशिक्षक होऊन, आणि पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी राहिला. १८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. विष्णुपंतांनी संस्थानिकांबरोबर तिचा खेळ पाहिला. अशी सर्कस उभी करणे हिंदी माणसाला एवढ्यात जमणार नाही, असे कियारिनी म्हणाला आणि त्यावरून पैज लागली, असे सांगतात. पैजेच्या आकड्याबद्दल वेगवेगळ्या कथा आहेत, त्या मी इथे सांगत नाही. पुढे काय घडले ते मात्र स्पष्ट आहे. १८८० साली कुरुंदवाडला विष्णुपंतांनी स्वतःच्या सर्कशीचा खेळ लावला. ती ‘ग्रँड इंडियन सर्कस’. भारतीय सर्कशीचा इतिहास तिथून मोजतात.

विष्णुपंतांना हे जमले, कारण सर्कस मुळात घोड्याची. १७६८ मध्ये लंडनला फिलिप ॲस्टली या घोडेस्वाराने गोल रिंगणात खेळ सुरू केले. त्याच्या रिंगणाचा ४२ फूट व्यास पुढे जगभर प्रमाण मानला गेला. त्या मापात घोडा एका लयीत धावू लागला की तो आत झुकतो. त्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या माणसाला बाहेर फेकणारा जोर आणि हा आतला कल एकमेकांना तोलतात, म्हणून स्वार उभा राहू शकतो. रिंगण लहान असेल तर घोड्याची लय मोडते, फार मोठे असेल तर स्वाराला तो आधार मिळत नाही. ज्याने घोडे हाताळले आहेत त्याला हे कुणी सांगावे लागत नाही. कियारिनीच्या तंबूत बाकीचे प्रेक्षक झगमगाट पाहत असतील, तेव्हा विष्णुपंतांची नजर घोड्याच्या पावलांवर असणार, याबद्दल मला शंका नाही.

त्या सर्कशीचे एक वेगळेपण महाराष्ट्राने कौतुकाने जपायला हवे होते. हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ हे विष्णुपंतांच्या आश्रयाने सर्कशीबरोबर फिरत. ज्यांना लोक ‘भूगंधर्व’ म्हणत, तो ग्वाल्हेर घराण्याचा गवई वाघ-घोड्यांच्या मुक्कामावर राहत होता आणि विष्णुपंत त्याला घरच्यासारखे सांभाळत होते. रहिमत खाँच्या आवाजाच्या थोड्या ध्वनिमुद्रिका आहेत, त्या उतारवयातल्या. रहिमत खाँ १९२२ मध्ये वारले तेही कुरुंदवाडलाच. गुरूच्या मुलाला अखेरपर्यंत ठाव मिळाला तो एका सर्कसवाल्यामुळे. आपल्या संगीताच्या इतिहासात हे एखाद्या वाक्यात उरकले जाते, सर्कशीच्या इतिहासात तेवढेही नसते.

जबलपूरचाही यात एक वाटा आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईहून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग आमच्या गावात जोडले गेले, आणि मुंबई–कलकत्ता सलग गाडी सुरू झाली. नागपूरवरून जाणारा दुसरा मार्ग तयार व्हायला त्यानंतर वीसेक वर्षे गेली. म्हणजे विष्णुपंतांनी तंबू उभारला त्या काळात रेल्वेने मुंबईकडून थेट कलकत्त्याला जायचे तर जबलपूर टळत नव्हते. घोडे, पिंजरे, बांबू, कनाती, शिधा आणि बायकापोरे हे सगळे एका वेळी उचलणाऱ्या धंद्याला रेल्वेखेरीज एवढे मोठे होता आले नसते. बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांनी १८८७ च्या सुमारास आपली सर्कस काढली, तीही घरचीच. रूळ पडत गेले तसतसे तंबू पुढे सरकत गेले.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

मराठी सर्कस बंद का पडली, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: आधी सिनेमा आला, मग टीव्ही आला, मग सरकारने जनावरे बंद केली. यातले शेवटचे कारण तर कालक्रमातच बसत नाही. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद करणारी केंद्राची अधिसूचना १९९८ ची आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली २००१ मध्ये. छत्र्यांचा तंबू त्याच्या कितीतरी आधी उतरला होता. (जनावरे गेली ते योग्यच झाले असे माझे मत आहे. लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावर २०११ मध्ये न्यायालयाने घातलेली बंदीही योग्यच. मला गेलेले पिंजरे परत नको आहेत.) सिनेमाचे म्हणाल, तर सिनेमा केरळातही आला होता.

केरळात काय झाले ते पाहा. १८८० च्या दशकाच्या अखेरीस छत्र्यांची सर्कस मलबारात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हीकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. कलरीची, म्हणजे तिकडच्या युद्धकलेची विद्या त्यांच्या अंगात होती आणि ते शाळेत मुलांना कसरती शिकवत. विष्णुपंतांना कसलेली माणसे हवी होती, कुन्हीकण्णनना आपल्या मुलांसाठी काम हवे होते. यातून शिकवणी सुरू झाली. १९०१ मध्ये कुन्हीकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा इथे रीतसर प्रशिक्षणाची शाळाच काढली. १९०४ मध्ये त्यांच्या एका शिष्याने, परियाळी कण्णनने, ‘ग्रँड मलबार सर्कस’ काढली. ती दोनच वर्षे टिकली. पण शाळा चालू होती, म्हणून एक तंबू उतरला की दुसरा उभा राहत होता. पुढची कितीतरी दशके देशातल्या बहुतेक सर्कशींचे मालक आणि कलावंत त्या एका गावाच्या आसपासचे राहिले.

आपल्याकडे मात्र सर्कस घराची राहिली. भांडवल घरचे, घोडे घरचे, नाव घरचे आणि विद्याही घरचीच. विष्णुपंतांबरोबर त्यांचे भाऊ काशिनाथपंत छत्रे होते. म्हैसाळच्या देवलांची सर्कस देवलांची होती, कारलेकरांची कारलेकरांची. कर्ता माणूस असेतो असे घर जोमात चालते, कारण निर्णय एकाच्या हातात असतो आणि पगाराची काटकसर घरातच मुरते. तो गेला की वाटण्या होतात. एका मुलाला वकिली करायची असते, दुसऱ्याला शेती. घोडे वाटून घेता येतात, तालीम वाटून घेता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णुपंत गेले आणि त्यांच्याजवळचे ज्ञान ज्याला द्यावे असा परका शिष्यवर्ग त्यांच्या घराबाहेर उभा नव्हता. तो होता तलश्शेरीत.

बाबुराव कदमांची गोष्ट हेच सांगते. १९२० मध्ये त्यांनी ‘ग्रँड बॉम्बे सर्कस’ काढली आणि ती सिंध-पंजाबात फिरवली. १९४७ मध्ये कीलेरी कुन्हीकण्णन यांचे भाचे के. एम. कुन्हीकण्णन यांनी आपल्या दोन सर्कशी तिच्यात मिळवल्या आणि त्यातून ‘ग्रेट बॉम्बे सर्कस’ झाली. नाव मुंबईचे उरले, कारभार शाळावाल्यांकडे गेला. यात कुणी कुणाला फसवले नाही. ज्याच्याकडे शिकलेली माणसे होती त्याने खेळ चालू ठेवला, एवढेच.

आणि दामू धोत्रे! १९०२ मध्ये पुण्यात गरीब घरात जन्मलेला हा मुलगा मामांच्या, म्हणजे तुकाराम गणपत शेलारांच्या सर्कशीत वाढला. तिथेच तो वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यात शिरायला शिकला. पुढे युरोपात पशुशिक्षक आल्फ्रेड कोर्टबरोबर, मग अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत त्याने नाव काढले. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्यातही होता. अखेरीस पुण्यात परतला आणि १९७३ मध्ये तिथेच वारला. भानू शिरधनकरांनी शब्दांकित केलेले ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे पुस्तक नसते तर एवढेही मराठीत उरले नसते. ज्या मामांच्या तंबूत हा माणूस घडला, त्या तंबूचे हिशेब, करार, तिकिटे, कलावंतांची नावे कुठे आहेत? एका शिरधनकरांनी जे एका माणसासाठी केले ते चार-पाच घरांसाठी कुणी केले असते, तर मला हे पत्र लिहावे लागले नसते.

हे केवळ जुन्या काळाचे दुखणे असते तरी मी लिहिले असते, पण तसे ते नाही. आमच्याकडे कार्तिकी पौर्णिमेला भेडाघाटला मेळा भरतो. गेल्या मेळ्यात धुवांधार धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक कुटुंब आकाशपाळणा उभा करत होते. माणसे खानदेशातली, बोलणे निम्मे अहिराणी, निम्मे हिंदी. पन्नाशीची बाई हातात पाना घेऊन एकेका पाळण्याखाली वाकत होती. नट आवळून झाला की ती तळहात पाळण्याच्या दांडीवर ठेवून पाळणा हलवायची आणि डोळे मिटून क्षणभर थांबायची. काय करता, विचारले तर म्हणाली, “हाताला कळतं दादा. खुटखुट आली तर बेअरिंग गेलं समजायचं.” मग पाळण्यात वाळूची पोती भरून नवऱ्याने चाक फिरवले, समोरासमोरची वजने जुळेपर्यंत पोती हलवली, आणि त्यानंतरच तिकिटाचे टेबल मांडले. हे सगळे त्यांना सासऱ्यांनी शिकवले. कागदावर एक ओळ नाही. मुलगा आयटीआय करून पुण्याला कारखान्यात लागला आहे आणि त्याने परत यावे असे दोघांनाही वाटत नाही. “आमच्यामागं हे लोखंड भंगारात किलोवर जाईल,” नवरा म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुलाचा महिन्याचा पगार ठरलेला आहे याचे त्याला समाधान होते, आणि का नसावे?

तेव्हा मी आपल्याकडे घरे जगवण्याची मागणी करत नाही. कुणाच्या मुलाने बापाचा तंबू ओढत राहावे असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्या घरांकडे असलेले ज्ञान आणि कागद घराबाहेर यावेत, एवढी व्यवस्था सरकार करू शकते.

त्यात कागदांची निकड मोठी आहे. नकाशा समोर ठेवला तर एक गोष्ट लगेच दिसते. अंकलखोप, सांगली, म्हैसाळ, कुरुंदवाड ही सगळी गावे कृष्णाकाठची आहेत. हा पट्टा २००५ मध्ये बुडाला, २०१९ मध्ये बुडाला, २०२१ मध्ये पुन्हा बुडाला. जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावर ट्रंकांमध्ये जे होते त्यातले किती वाचले असेल, याचा विचार करवत नाही. जे माडीवर होते ते अजून असेल. जाहिरातींचे कागद, संस्थानांची शिफारसपत्रे, रेल्वेच्या भाड्याच्या पावत्या, घोड्यांच्या खरेदीच्या नोंदी, कलावंतांचे फोटो. घरच्यांना ती रद्दी वाटत असेल किंवा अभिमानाची ठेव वाटत असेल, दोन्ही बाबतींत ती पुढच्या पुरापर्यंतच सुरक्षित आहे. आपल्या खात्याकडे पुराभिलेख संचालनालय आहे. त्यांच्या माणसांनी घरोघर जाऊन, मूळ कागद घरच्यांकडेच ठेवून, नुसत्या प्रती काढल्या तरी पुष्कळ होईल. कोल्हापूरचे पुराभिलेखागार तर हाकेच्या अंतरावर आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. जुन्या मराठी सर्कशीत काम केलेले, निदान आईवडिलांबरोबर तंबूत वाढलेले लोक सांगली, मिरज, पुणे या बाजूंना अजून असतील. ते आता फार म्हातारे असणार. त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून विचारायला हवे, आणि नुसत्या आठवणी विचारून भागणार नाही. जाळी किती उंचीवर बांधत? झुल्यावर पकडणाऱ्याची निवड कशावरून करत? पावसात तंबूचे दोर कधी सैल करत? पगार रोख होता की जेवणखाण धरून? बाई कलावंताचे बाळंतपण मुक्कामावर आले तर तिला किती दिवस सुटी मिळे? या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत.

तिसरी गोष्ट शाळेची. इथे मी सावधपणे लिहितो, कारण ज्या केरळाचे मी एवढे कौतुक केले त्याच्याही सरकारला ती साधलेली नाही. २०१० मध्ये तलश्शेरीला सरकारी सर्कस अकादमी निघाली आणि काही वर्षांतच बंद पडली. म्हणून नवी इमारत, नवा फलक, नवे मंडळ असले काही मी मागत नाही. आपल्याकडे मल्लखांब आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला, आणि त्यांच्यापासूनची शिष्यपरंपरा तुटलेली नाही, कारण ती घरात अडकली नाही, आखाड्यांतून पसरली. आमच्या मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. उज्जैनची मुले-मुली दोरीवर आणि खांबावर जे करतात ते पाहून जगातला कुठलाही सर्कसवाला थांबेल. ही मुले विशी ओलांडली की स्पर्धांतून बाहेर पडतात आणि पुढे त्या अंगमेहनतीचे काय करायचे हे त्यांना कुणी सांगत नाही. आज जगात जनावरांविना चालणाऱ्या, शरीरविद्येवर उभ्या असलेल्या सर्कशींना चांगला प्रेक्षक आहे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून काही आखाड्यांना साहाय्य दिले, एखादा जाणता झुलेवाला तिथे वर्षातून दोन महिने शिकवायला पाठवला आणि झुल्याखालची जाळी पुरवली, तर सुरुवात होईल. कुन्हीकण्णन यांची शाळाही एका व्यायामशिक्षकाच्या शिकवणीतूनच मोठी झाली होती.

कुरुंदवाडला विष्णुपंतांचे स्मारक व्हावे अशी सूचना कुणी आपल्याकडे केलीच, तर माझा तिला विरोध नाही. पण त्याआधी कागद आणि माणसे. पुतळ्याला घाई नसते.

या कामासाठी खर्च किती येईल याचा अंदाज आपल्या खात्याला माझ्यापेक्षा नीट करता येईल. एक छायाचित्रकार, मोडी आणि इंग्रजी वाचणारा एक अभ्यासक, एक गाडी आणि एक वर्ष एवढ्यात पहिला टप्पा होऊ शकेल असे मला वाटते. ग्वाल्हेर आणि इंदूरकडच्या मराठी घरांत याविषयी काही असेल तर ते शोधायला आम्ही इकडचे लोक मदत करू. भोपाळच्या मराठी साहित्य अकादमीलाही मी वेगळे पत्र पाठवत आहे.

कृष्णेला पाणी चढते ते जुलैच्या मध्यापासून. काम मंजूर झाले तर सुरुवात नदीलगतच्या घरांपासून करावी आणि पहिली फेरी जूनपूर्वी आटोपावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
जबलपूरचा एक मराठी रहिवासी